छप्पन्नवरचा बँड खरा कशावरून?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. धुळे जिल्ह्यातली एक पीएचडी करणारी मुलगी रॅटच्या किडनीत व्हिटॅमिन डी सक्रिय करणारं एन्झाइम शोधतेय, म्हणजे सीवायपी२७बी१. त्यासाठी सशात तयार केलेली पॉलिक्लोनल अँटिबॉडी मागवली, म्हणजे त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या अनेक अँटिबॉडींचं मिश्रण. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून, पडद्यावर घेऊन अँटिबॉडीनं शोधतात त्यावर, तीन बँड (रेघा) आले: ६८ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास जाडजूड, ५६ च्या आसपास मध्यम आणि ४० च्या जवळ फिकट. किडनीचा पातळ काप स्लाइडवर घेऊन तीच अँटिबॉडी लावली, तर अख्खी किडनी चॉकलेटी झाली. गाइड म्हणाले, "छप्पन्नवर आलाय ना, मग तोच. बाकीचे कापून लावा." तिला ते पटत नाहीये. वर पार्सल मे महिन्यात आलं, डब्यातले आइस पॅक वितळलेले होते, त्यामुळे अँटिबॉडीच खराब झाली असेल का, हीही शंका आहे.

तुला "तू"च म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस. तुला पटत नाहीये हे बरोबर आहे. तो बँड कदाचित खरा असेलही. पण आज तुझ्या हातात जे आहे त्यावरून ते म्हणता येत नाही, आणि बाकीचे बँड कापून फोटो लावणं तर अजिबात नको. गाइडशी भांडूही नकोस. खाली जे सांगते त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी याच आठवड्यात, हाताशी असलेल्या सामानात होतील. त्या कर आणि ब्लॉट त्यांच्यासमोर ठेव. ब्लॉट समोर असला की वाद घालावा लागत नाही.

हे एन्झाइम इतकं अवघड का, ते आधी समजून घे. उन्हानं त्वचेत बनलेलं किंवा गोळीतून आलेलं व्हिटॅमिन डी तसं निष्क्रियच असतं. यकृतात त्याला पहिला हायड्रॉक्सिल गट लागतो, मुख्यतः सीवायपी२आर१ मुळे, आणि २५-हायड्रॉक्सी रूप तयार होतं. आपल्या पॅथॉलॉजी लॅब रक्तात मोजतात ते हे. मग किडनीत सीवायपी२७बी१ दुसरा गट चढवतं आणि कॅल्सिट्रायॉल हे खरं काम करणारं संप्रेरक बनतं. पहिलं रक्तात नॅनोग्रॅममध्ये मोजतात, दुसरं पिकोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपटीचा फरक. जे एन्झाइम इतकंसंच बनवतं, ते स्वतःही पेशीत अगदी थोडं असतं. हा शेवटचा टप्पा किडनीत होतो हे १९७० मध्ये केंब्रिजला फ्रेझर आणि कोडिचेक यांनी दाखवलं, पण जनुक हाती लागलं १९९७ मध्ये. मधे सत्तावीस वर्षं गेली, कारण शुद्ध करण्याइतकं प्रथिन कुणाला मिळतच नव्हतं. जपानमधल्या गटाला ते सापडलं तेही अशा माऊसच्या किडनीत, ज्यांच्यातला व्हिटॅमिन डीचा रिसेप्टरच (त्याचा निरोप घेणारं प्रथिन) काढून टाकला होता. रिसेप्टर नसल्यामुळे "आता पुरे" हा निरोपच पोचत नाही आणि एन्झाइम भरमसाट वाढतं.

आता तुझा रॅट बघ. चांगलं खाऊन पिऊन असलेला, तयार खाद्यात भरपूर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी मिळणारा. त्याच्या शरीराला हे एन्झाइम वाढवायचं कारणच नाही. अशा किडनीच्या अख्ख्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या रसात) छप्पन्नवर ठळक बँड आला, तर मला आनंदाआधी संशय येतो.

तो संशय मी फार महागात विकत घेतलाय. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती, वेगळ्या शहरात, वेगळ्या लॅबमध्ये. अँटिबॉडी माऊसची मोनोक्लोनल (एकाच प्रकारची) होती आणि नमुना रॅटच्या किडनीचा. पंचावन्न-छप्पन्नवर असा काही सुंदर बँड यायचा की काय सांगू! कडा स्वच्छ, प्रत्येक वेळी तिथेच, उपचार दिलेल्या गटात जास्त. आठ महिने त्यावर आलेख काढले. एका संध्याकाळी प्रायमरी, म्हणजे हव्या त्या प्रथिनाला धरणारी पहिली अँटिबॉडी, संपत आली होती, म्हणून एक पट्टी नुसत्या ब्लॉकिंगच्या (पडद्यावरची रिकामी जागा बुजवायच्या) दुधात ठेवली आणि सवयीनं तिच्यावरही सेकंडरी, म्हणजे प्रायमरीला धरून खूण उमटवणारी दुसरी अँटिबॉडी, घातली. डार्करूममध्ये फिल्म डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हलवतेय, लाल दिव्याखाली आधी मार्करच्या खुणा दिसल्या, मग हळूहळू तोच बँड वर आला. तीच जागा, तेवढाच काळा. प्रायमरी नव्हतीच त्या पट्टीवर. मी ट्रे तसाच ठेवून बाहेर येऊन बसले.

झालं होतं असं, की किडनीत रक्त राहिलेलं होतं, रक्तात रॅटच्या स्वतःच्या अँटिबॉडी होत्या, आणि त्यांची जड साखळी जेलवर ५० ते ५५ च्या दरम्यान पळते. माऊस आणि रॅट एकमेकांच्या इतके जवळचे, की माऊसविरुद्धची सेकंडरी रॅटच्या अँटिबॉडीलाही सहज चिकटते. उपचाराच्या गटात बँड जास्त दिसायचा, कारण त्या किडन्यांत सूज होती, म्हणजे रक्त आणि अँटिबॉडी जास्त. आठ महिने मी रक्त मोजत होते.

तुझी प्रायमरी सशाची आहे, त्यामुळे धोका कमी. पण सशाविरुद्धची सेकंडरी इतर प्राण्यांच्या अँटिबॉडी गाळून शुद्ध केलेली नसेल, तर तीही रॅटच्या जड साखळीला थोडीफार धरते. म्हणून पहिली गोष्ट: उद्याच एक पट्टी प्रायमरीशिवाय लाव. बाकी सगळं तेच, तेवढाच वेळ, तेवढंच एक्सपोजर. छप्पन्नचा बँड तिथेही आला, तर पुढचं काही वाचायची गरज नाही, आधी सेकंडरी बदल.

आणखी एक सोपी युक्ती. तोच नमुना एका लेनमध्ये नेहमीसारखा आणि एका लेनमध्ये बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल (बंध तोडणारं रसायन) न घालता चालव. मधे दोन लेन मोकळ्या सोड, नाहीतर रसायन शेजारी पसरतं. अँटिबॉडीच्या साखळ्या डायसल्फाइड बंधांनी बांधलेल्या असतात. बंध तुटले नाहीत तर ती अख्खीच्या अख्खी १५० च्या आसपास राहते. म्हणजे छप्पन्नचा बँड त्या लेनमधून नाहीसा होऊन वर गेला, तर ती जड साखळी. जागेवर राहिला, तर निदान हा एक संशय मिटला.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात मोलाची: मायटोकॉन्ड्रिया वेगळे कर. माणसातलं सीवायपी२७बी१ ५०८ अमिनो आम्लांचं, वजन ५६ किलोडाल्टनच्या आसपास, रॅटमध्येही जवळपास तेवढंच, आणि ते बसतं मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर. म्हणजे बँड खरा असेल तर तो मायटोकॉन्ड्रियाबरोबर गेला पाहिजे. अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागत नाही, कॉलेजमधलं थंड सेंट्रिफ्यूज पुरतं. किडनीचा बाहेरचा भाग, कॉर्टेक्स, २५० मिलिमोलर सुक्रोजच्या गार बफरमध्ये, प्रोटिएज इनहिबिटर घालून, हातानं फिरवायच्या काचेच्या होमोजनायझरमध्ये वाट. आठ-दहा फेऱ्या पुरेत, फेस आणू नकोस. आधी ६०० ते १००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पटीत) दहा मिनिटं फिरव, केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी खाली बसतात, त्या सोड. वरचं पाणी १०,००० जी ला पंधरा मिनिटं. तळाशी जी पिवळट-तपकिरी वडी बसते, ते तुझे मायटोकॉन्ड्रिया. गार बफरनं एकदा धुऊन घे.

मग एकाच जेलवर तीन लेन: अख्खं लायसेट, मायटोकॉन्ड्रियाची वडी आणि वर उरलेलं पाणी. तिन्हींत प्रथिन सारखं, तीसेक मायक्रोग्रॅम. त्याच पडद्यावर व्हीडॅकची अँटिबॉडी लाव. व्हीडॅक हे मायटोकॉन्ड्रियाचंच प्रथिन, ते ३२ च्या आसपास येतं आणि मायटोकॉन्ड्रियाच्या लेनमध्ये दाट दिसायला हवं. अ‍ॅक्टिन इथे कामाचं नाही. ती पेशीद्रवातली गोष्ट, वडीच्या लेनमध्ये ती कमी दिसली की मुलं घाबरतात. आता बघ: छप्पन्नचा बँड व्हीडॅकबरोबर दाट झाला आणि पाण्यातून गेला, तर तू योग्य वाटेवर आहेस. पाण्यातच राहिला, तर ते तुझं एन्झाइम नाही. ६८ चा बँड पाण्यात राहील असं मला आत्ताच वाटतं.

कारण तो बहुतेक अल्ब्युमिन आहे. रक्तद्रवातलं सगळ्यात मुबलक प्रथिन, ६६ च्या जवळ. ससा टोचताना पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) एकटं देत नाहीत, मोठ्या प्रथिनाला जोडून देतात, आणि ते मोठं प्रथिन कधीकधी गाईचं अल्ब्युमिन असतं. मग सशाच्या रक्तात पेप्टाइडविरुद्ध अँटिबॉडी बनतात तशा अल्ब्युमिनविरुद्धही बनतात, आणि नीट शुद्ध केल्या नाहीत तर त्या रॅटच्या अल्ब्युमिनलाही धरतात. प्रायमरी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनच्या (गाईच्या अल्ब्युमिनच्या) द्रावणात पातळ करून लावून बघ. ६८ चा बँड एकदम फिका पडला, तर उत्तर मिळालं.

पुढच्या खेपेला प्राण्याला भूल देऊन हृदयातून गार सलाइन सोड आणि मगच किडनी काढ. काळपट लाल, भिजवलेल्या राजम्यासारखी दिसणारी किडनी डोळ्यांदेखत फिकट पिवळसर होत जाते. यकृतही फिकं पडतं. ठिपक्याठिपक्यानं लाल राहिली तर सलाइन पोचलेलं नाही. या दहा मिनिटांनी जड साखळी आणि अल्ब्युमिन दोन्ही बरेचसे निघून जातात. प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीत ही पायरी लिहिलेली नसेल तर आधी सुधारित अर्ज दे, परस्पर करू नकोस.

चाळीसचा फिकट बँड बहुतेक तुटलेला तुकडा असावा. इनहिबिटर ताजं घाल, नमुना सतत बर्फात ठेव. तरी राहिला तर राहू दे, आणि फोटोत दाखव.

आता नातेवाइकांचा प्रश्न, आणि इथे खरी मेख आहे. मायटोकॉन्ड्रियात सीवायपी२७बी१ एकटं नाही. सीवायपी२७ए१ तिथेच राहतं, त्याच्याशी ४० टक्क्यांच्या आसपास साम्य आहे. सीवायपी२४ए१ सुद्धा तिथेच, आकारानं जवळपास तेवढंच, आणि तेही किडनीतच. पण ते काम करतं नेमकं उलटं: कॅल्सिट्रायॉल मोडून टाकतं. तुझी अँटिबॉडी चुकून त्याला धरत असेल, तर तू जिथे "सक्रियता वाढली" लिहिशील तिथे प्रत्यक्षात ती संपवणारं एन्झाइम वाढलेलं असेल. चूक नुसती आकड्याची राहणार नाही, निष्कर्षच उलटा होईल.

म्हणून कंपनीचं माहितीपत्रक काढ आणि अँटिबॉडी कुठल्या तुकड्याविरुद्ध बनवलीय ते शोध. या सगळ्या सायटोक्रोम (सीवायपी) प्रथिनांच्या शेपटाकडच्या भागात हीम (लोह असलेला गट) धरणारा एक पट्टा असतो, तो सगळ्या भावंडांत जवळपास सारखाच. तुकडा त्या पट्ट्यातला असेल तर मी ती अँटिबॉडी परत ठेवून दुसरी शोधेन. क्रमवारी दिलेली असेल तर रॅटच्या प्रथिनाशी आणि या दोन भावंडांशी जुळवून बघ, मोफत संकेतस्थळांवर पाच मिनिटांचं काम आहे. क्रमवारी दिलीच नसेल तर कंपनीला पत्र टाक. आणि "रॅटसाठी चालते" या ओळीत "अपेक्षित" असा शब्द आहे का ते नीट वाच. अपेक्षित म्हणजे कुणीही लावून बघितलेलं नाही, नुसती क्रमवारी जुळवून लिहिलेलं आहे. माहितीपत्रकातला ब्लॉट माणसाच्या पेशीत हे प्रथिन मुद्दाम भरमसाट बनवून काढलेला असेल, तर त्यावरून तुझ्या रॅटच्या किडनीबद्दल काहीच कळत नाही.

मग खात्री कशानं होते? सर्वांत उत्तम म्हणजे ज्याच्यात हे जनुकच नाही अशा प्राण्याची किडनी. असे नॉकआउट माऊस २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी बनवले. ते आपल्याकडे आणून पाळणं शक्य नाही, हे मलाही कळतं. पण तुला अख्खा प्राणी नको, वाटाण्याएवढा किडनीचा तुकडा किंवा तयार लायसेट पुरतं. ज्यांचे निबंध वाचतेस त्यांना साधं, स्पष्ट पत्र लिहून माग. मी आजवर तीनदा असं मागितलंय आणि दोनदा मिळालंय.

ते येईपर्यंत आपल्याच रॅटकडून साक्ष काढता येते. या एन्झाइमचं नियमन इतकं ठाम आहे की त्याचाच उपयोग करायचा. आहारातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी कमी केलं की पॅराथायरॉइड संप्रेरक वाढतं आणि ते सीवायपी२७बी१ वाढवतं. उलट कॅल्सिट्रायॉल दिलं की हे एन्झाइम खाली येतं आणि सीवायपी२४ए१ चढतं. म्हणजे तीन गट: नेहमीचा आहार, कमी कॅल्शियम-कमी डी आहार, आणि कॅल्सिट्रायॉल दिलेला. तिन्हींच्या मायटोकॉन्ड्रिया शेजारीशेजारी चालव. बँड दुसऱ्या गटात चढून तिसऱ्यात उतरला, तर जे दिसतंय ते सीवायपी२७बी१ सारखं वागतंय. तिसऱ्यात चढला, तर तू त्या उलट काम करणाऱ्या भावाला बघतेयस. कुठेच हलला नाही, तर ते तिसरंच काहीतरी आहे. त्याच किडनीच्या दुसऱ्या अर्ध्यातून आरएनए काढून दोन्ही जनुकांचं क्यूपीसीआर कर, म्हणजे त्यांचा आरएनए किती आहे ते मोज. ते यंत्र आता जळगाव-धुळे-शिरपूरकडे मिळणं अवघड राहिलेलं नाही, ओळखीनं एक दिवस मागता येतं. आरएनए आणि बँड एकाच दिशेनं गेले की पुरावा पक्का होत जातो.

पेशी वाढवायची सोय असेल तर मानवी किडनीच्या नलिकेच्या एचके-२ पेशींत हे जनुक सायआरएनएनं (जनुक गप्प करणाऱ्या आरएनएच्या छोट्या तुकड्यानं) दाबून बँड उतरतो का बघ. किंवा एचईके या मानवी पेशींत टॅग (ओळखायची खूण) लावलेलं प्रथिन बनवून घे. पण टॅग शेवटाला लाव. सुरुवातीला मायटोकॉन्ड्रियात नेणारा पत्ता असतो आणि आत गेल्यावर तो कापला जातो, तुझा टॅगही त्याच्याबरोबर जाईल. यात एका विद्यार्थ्याचं पूर्ण सत्र गेलेलं मी पाहिलंय. फक्त हे लक्षात ठेव, की मानवी पेशींतली साक्ष मानवी प्रथिनाची. रॅटसाठी ती आधार देते, पुरी पडत नाही.

पेप्टाइडनं अँटिबॉडी अडवून बँड जातो का, ही चाचणी तुझ्या गाइडना आवडते असं तू लिहिलंयस. करायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नकोस. अँटिबॉडी त्या पेप्टाइडला ओळखते एवढंच त्यातून कळतं. दुसऱ्या प्रथिनात तसाच तुकडा असेल आणि अँटिबॉडी त्याला धरत असेल, तर तो खोटा बँडही पेप्टाइड घातल्यावर तितक्याच आज्ञाधारकपणे जातो. २०१० मध्ये याच क्षेत्रातले संशोधक डिलुका यांच्या गटानं व्हिटॅमिन डीच्या रिसेप्टरविरुद्धच्या बाजारातल्या अँटिबॉडी रिसेप्टर नसलेल्या माऊसवर तपासल्या, तेव्हा वर्षानुवर्षं वापरात असलेल्या कित्येक तिथेही काहीतरी धरताना दिसल्या. त्याच क्षेत्रातली, तुझ्या एन्झाइमच्या शेजारची गोष्ट आहे ही. म्हणून मी इतकं बजावून सांगतेय.

आता स्लाइड. अख्खी किडनी चॉकलेटी होण्याची तुझ्याकडे निदान दोन कारणं आहेत. तू बायोटिन-अ‍ॅव्हिडिनचा किट वापरलायस. किडनी आणि यकृतात स्वतःचं बायोटिन भरपूर असतं, अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला धरते तो भाग) बाहेर काढायला उकळलं की ते आणखी उघडं पडतं, आणि किट त्यालाच रंगवून मोकळा होतो. आधी अ‍ॅव्हिडिन, मग बायोटिन लावून ते बुजव. त्याहून बरं म्हणजे पॉलिमरवर चालणारा किट घे, त्यात बायोटिनच नसतं. शिवाय किडनीत स्वतःची पेरॉक्सिडेज असते, लाल रक्तपेशींमध्ये तर असतेच. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं द्यायलाच हवं, आणि बाटली ताजी हवी. उघडून सहा महिने झालेल्या बाटलीत नुसतं पाणी उरलेलं असतं.

दुसरं कारण आपल्या खान्देशचं. प्रोटोकॉलमध्ये "रूम टेम्परेचरला एक तास" लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्याची रूम २०-२५ अंशांची असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे बाहेर ४५ असतं, आणि एसी नसलेल्या, पत्र्याखालच्या लॅबमध्ये दुपारी ३८-४० सहज. त्या तापमानात अँटिबॉडी नको तिथेही घट्ट चिकटते, डॅबचा (पेरॉक्सिडेजमुळे चॉकलेटी होणारं रसायन) रंग पाच मिनिटांऐवजी मिनिटभरात चढतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेक्शन कडेनं सुकतं. सुकलेली कड नेहमी गडद चॉकलेटी दिसते, मधला भाग फिका. तुझ्या फोटोत डावी कड अशीच आहे. माझ्याकडे मोठा स्टीलचा डबा आहे, घट्ट झाकणाचा, तळाशी ओला टिश्यू पेपर आणि त्यावर काचेच्या दोन कांड्या, कांड्यांवर स्लाइड. प्रायमरी रात्रभर ४ अंशांला फ्रिजमध्येच ठेव, सेकंडरी सकाळी आठच्या आत उरक, डॅब मायक्रोस्कोपखाली बघत बघत थांबव. ज्या दिवशी एका स्लाइडला जितके सेकंद, त्या दिवशी सगळ्यांना तितकेच. उन्हाळ्यात मी हे काम सकाळी सहाला सुरू करते. ट्रान्स्फरलाही (जेलवरून पडद्यावर प्रथिनं नेताना) टब बर्फानं भर, नाहीतर बँड वाकडे होतात.

बरोबर आलेला रंग कसा दिसतो ते सांगते. मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिन असल्यामुळे रंग सपाट पसरत नाही, पेशीद्रवात रवाळ, बारीक रांगोळीच्या दाण्यांसारखा दिसतो. केंद्रक निळं, रिकामं. रंग मुख्यतः कॉर्टेक्समधल्या समीपस्थ नलिकांत असतो, तर गाळणीचे गुच्छ बऱ्यापैकी स्वच्छ राहिले पाहिजेत. पण समीपस्थ नलिकांच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी इतक्या गच्च भरलेल्या असतात की कुठलीही चिकट अँटिबॉडी तिथे रवाळ दिसू शकते. म्हणून शेजारच्या सेक्शनवर त्याच प्रमाणात साध्या, न टोचलेल्या सशाची आयजीजी (रक्तातली अँटिबॉडी) लाव. तीही तशीच दिसली तर थांब.

तू शेवटी विचारलंयस की हीच अँटिबॉडी पुढे क्षयरोगाच्या गाठींच्या सेक्शनवर लावता येईल का. प्रश्न फार चांगला आहे. क्षयाच्या गाठींतल्या मॅक्रोफेज पेशी हेच एन्झाइम बनवतात. २००६ मध्ये दाखवलं गेलं की जंतूचे घटक टोल-लाइक रिसेप्टरला (जंतू ओळखणाऱ्या प्रथिनाला) लागले की मॅक्रोफेजमध्ये सीवायपी२७बी१ वाढतं, आणि त्यातून कॅथेलिसिडिन हे जंतू मारणारं पेप्टाइड बनतं. किडनीतल्यासारखा पॅराथायरॉइडचा लगाम तिथे नसतो, म्हणूनच काही क्षयरुग्णांच्या आणि सारकॉइडोसिसच्या (क्षयासारख्या गाठी होणारा वेगळा आजार) रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम चढतं. आपल्याकडे, नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात, या कामाला अर्थ आहे आणि तू ते करावंस असं मला मनापासून वाटतं. पण माणसाच्या ऊतीवर अँटिबॉडी नव्यानं तपासावी लागेल. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून प्रसूतीनंतरची वार (प्लासेंटा) घे. तिच्यात हे एन्झाइम असतं, आणि नीतिमत्ता समितीची परवानगी व संमती असली की ती मिळणं सोपं. जुने ब्लॉक घेताना ऊती फॉर्मलिनमध्ये किती दिवस पडून होती ते विचार. एक दिवस ठीक, आठवडा झाला असेल तर अँटिजेन बांधला गेलेला असतो. उकळताना पीएच ६ चं सिट्रेट आणि पीएच ९ चं ट्रिस-ईडीटीए दोन्ही करून बघ, कुकरच्या शिट्ट्या मोजून, दर वेळी तेवढ्याच.

आणि कितीही स्वच्छ रंग आला तरी त्यावरून एन्झाइम आहे एवढंच म्हण, काम करतंय असं म्हणू नकोस. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारी फेरेडॉक्सिनची जोडी लागते, कच्चा माल लागतो. काम मोजायचं तर २५-हायड्रॉक्सी देऊन कॅल्सिट्रायॉल किती बनलं ते मास स्पेक्ट्रोमीटरवर बघावं लागतं. तुझ्या प्रबंधाच्या शीर्षकात "सक्रियता" हा शब्द आहे. तो "प्रमाण" कर.

राहिलं ते पार्सल. शंभर मायक्रोलिटरच्या एवढ्याशा कुपीत तुझी जवळपास महिन्याची फेलोशिप जाते, त्यामुळे घाबरणं साहजिक आहे. आमच्याकडेही एकदा शनिवारी येणारा डबा सोमवारी आला होता. आमच्या लॅबमधले आप्पा झाकण उघडून म्हणाले, "मॅडम, बरफनं पानी व्हई गयं." कुपी हाताला कोमट लागत होती. तरी ती अँटिबॉडी पुढे दोन वर्षं चालली. अँटिबॉडी हे तसं दणकट प्रथिन आहे. ग्लिसरॉल आणि स्थिर ठेवणारं प्रथिन घातलेलं असेल तर दोन दिवसांची ऊब बहुतेक वेळा निभावते. तिला जास्त मारतं ते पुन्हा पुन्हा गोठणं आणि वितळणं. म्हणून कुपी आधी मिनिटभर फिरवून झाकणाचा थेंब खाली घे, मग दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० ला ठेव. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या घरगुती फ्रीझरमध्ये ठेवू नकोस, तो दर काही तासांनी गरम होतो. लाइट जाण्याच्या दिवसांत भाग थर्माकोलच्या डब्यात, गोठलेल्या आइस पॅकांच्या मधे, तो डबाच फ्रीझरमध्ये. पातळ केलेली प्रायमरी पुन्हा वापरायला अझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) घालून ठेवत असशील तर ठीक, पण सेकंडरीत अझाइड कधीच नको, ते पेरॉक्सिडेज मारून टाकतं.

अँटिबॉडी जिवंत आहे का हे कळायला डॉट ब्लॉट कर: कंपनीकडून पेप्टाइड मिळालं असेल तर पडद्यावर त्याचे कमी कमी होत जाणारे चार थेंब, वर प्रायमरी, मग सेकंडरी. शेवटचा थेंबही दिसला तर उष्णतेनं काही बिघडलेलं नाही. लॉट नंबर वहीत आजच लिही. पॉलिक्लोनल दर सशागणिक बदलते. पुढची कुपी दुसऱ्या लॉटची आली की ही सगळी तपासणी, निदान मायटोकॉन्ड्रियाची आणि तीन आहारांची, पुन्हा करावी लागेल. उरलेल्या वर्षांसाठी याच लॉटच्या आणखी दोन कुपी मिळत असतील, तर तपासणी चांगली निघाल्यावर लगेच मागव. आणि पार्सल सोमवारी निघेल, शनिवार-रविवारात वाटेत अडकणार नाही, असं ऑर्डरवर लिहून घे.